मधला पांढरा थर

जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की त्याचे थर पडतात. तळाशी लाल पेशींचा गडद थर, वर पिवळसर, पारदर्शक प्लाझ्मा, आणि दोघांच्या मध्ये मळकट पांढऱ्या रंगाचा अगदी पातळ पापुद्रा. एचआयव्हीच्या व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणूच्या किती प्रती आहेत त्याची, चाचणी वरच्या प्लाझ्मावर होते. पिपेटने तो अलगद ओढून घ्यायचा, खालचा पापुद्रा ढवळू द्यायचा नाही, कारण त्यातल्या पेशी वर मिसळल्या तर आकडा फसवा येऊ शकतो. प्लाझ्मा घेऊन झाला की उरलेली नळी जैविक कचऱ्याच्या पिशवीत जाते. इतकी वर्षं हे काम केल्यावर हात आपोआप चालतात, डोळे तेवढे त्या पापुद्र्यावर ठेवावे लागतात.

त्या पापुद्र्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात. ज्या माणसाचे एआरटीचे, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या गोळ्यांचे, उपचार नीट चालू आहेत त्याच्या प्लाझ्मात आमच्या यंत्राला बहुतेकदा काहीच सापडत नाही. रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं छापून येतं. विषाणू मात्र त्याच नळीत असतो, दोन बोटं खाली, ज्या थराला आम्ही हात लावत नाही त्या थरात.

आमच्याकडे रक्त घेणं आणि रिपोर्ट देणं एकाच खिडकीवर चालतं, त्यामुळे कागद हातात पडल्यावर माणसं पहिला प्रश्न मलाच विचारतात. “ताई, काहीच सापडलं नाही म्हणताय, मग आता गोळ्या बंद करायच्या ना?” विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. जंतू दिसेनासे झाले की औषध थांबतं, हा आपला नेहमीचा अनुभव. टायफॉइडचं तसंच, टीबीचंही शेवटी तसंच. एचआयव्हीचं तसं का नाही, हे रांग खोळंबलेली असताना खिडकीतून सांगणं अवघड आहे. म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एचआयव्ही शिरतो तो मुख्यतः सीडी४ टी पेशींमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीचा सगळा कारभार ज्यांच्या इशाऱ्यावर चालतो त्या पेशींमध्ये. आत शिरल्यावर तो आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवतो. मग इंटिग्रेज नावाचं त्याचं एन्झाइम आपल्या गुणसूत्राला काप देतं आणि ती प्रत तिथे जोडून टाकतं. सुमारे ९,७०० अक्षरांचा हा मजकूर. आपल्या जनुकसंचात तीनशे कोटींवर अक्षरं आहेत, त्यांच्यात तो कुठेतरी बसतो. एकदा बसला की त्या पेशीच्या दृष्टीने तो तिचाच डीएनए. पेशी जगेल तोवर तो राहणार, पेशी दुभंगली तर दोन्ही पेशींत जाणार.

लागण झालेल्या बहुतेक पेशी फार टिकत नाहीत. विषाणूच्या प्रती बनवता बनवता एक-दोन दिवसांत त्या मरतात. पण टी पेशींचा स्वतःचा एक जीवनक्रम आहे. एखाद्या संसर्गाशी लढायला त्या जाग्या होतात, वाढतात, काम झालं की त्यांतल्या बऱ्याच मरतात, आणि थोड्या शांत होऊन स्मृतिपेशी बनतात. त्या वर्षानुवर्षं जगतात, म्हणूनच लहानपणी गोवर आलेल्या माणसाला म्हातारपणीही पुन्हा गोवर होत नाही. आता एखादी जागी पेशी शांत होण्याच्या बेतात आहे आणि नेमक्या त्या वेळी तिला एचआयव्हीची लागण झाली, असं समजा. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात जाऊन बसतो आणि पेशी निवांत होते. विषाणूची जनुकं सुरू व्हायला जागृत पेशीतली काही प्रथिनं लागतात. निवांत पेशीत ती पुरेशी नसतात. विषाणूचं एकही प्रथिन बनत नाही, पेशीच्या बाहेरच्या आवरणावर कसलीही खूण उमटत नाही, आणि शरीराचे पहारेकरी तिच्या शेजारून निघून जातात.

यात विषाणूची काही चलाखी आहे असं मला वाटत नाही. लोक त्याला धूर्त म्हणतात, दबा धरून बसलाय म्हणतात. दबा धरणारा तो नव्हेच. आपली टी पेशी तिच्या रीतीने निवांत झाली आणि तो तिच्याबरोबर आत राहून गेला. ज्या गुणामुळे शरीर एकदा झालेला आजार जन्मभर लक्षात ठेवतं, त्याच गुणामुळे हा विषाणू टिकतो, ही गोष्ट मला अजूनही चटका लावते.

गोळ्या काय करतात तेही बघायला हवं. आज जगभर सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी तीन औषधांची एकत्र असते: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन आरएनएची डीएनए प्रत होऊ देत नाहीत, तिसरं ती प्रत गुणसूत्रात बसू देत नाही. म्हणजे रोखली जाते ती नव्या पेशीला होणारी लागण, आणि ती इतकी चोख रोखली जाते की काही आठवड्यांत ते महिन्यांत प्लाझ्मा स्वच्छ होतो. पण जो डीएनए आधीच बसला आहे त्याच्यावर यांतलं एकही औषध चालत नाही. निवांत पेशीत प्रत बनवण्याचं कामच चालू नसतं, मग औषध थांबवणार काय?

हे सगळं सुरुवातीला कुणाला माहीत नव्हतं. १९९६च्या जुलैमध्ये व्हँकुव्हरला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, तेव्हा तीन औषधं एकत्र दिल्यावर मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला लागल्याच्या बातम्या तिथे पोचल्या होत्या. त्याआधीची दीड दशकं ज्यांनी फक्त अंत्यसंस्कार पाहिले त्यांना काय वाटलं असेल! डेव्हिड हो आणि ॲलन पेरेलसन या संशोधकांच्या गटाने विषाणू रक्तातून किती वेगाने घटतो ते मोजलं आणि १९९७मध्ये हिशोब मांडला की उपचार पूर्ण प्रभावी राहिले तर साधारण २.३ ते ३.१ वर्षांत लागण झालेल्या पेशी संपायला हव्यात. त्यात त्यांनी एक अटही घातली होती, की याहून जास्त काळ टिकणारा एखादा साठा कुठे नसेल तर. पुढे ती अट विसरली गेली आणि आकडा तेवढा लक्षात राहिला.

त्याच वर्षी तीन स्वतंत्र गटांनी तो साठा दाखवून दिला. रॉबर्ट सिलिसियानो, अँथनी फाउची आणि डग्लस रिचमन यांच्या प्रयोगशाळा. पद्धत चिकाटीची होती. उपचार व्यवस्थित चालू असलेल्या, प्लाझ्मात काहीही न सापडणाऱ्या लोकांचं पुष्कळ रक्त घ्यायचं. मी एका नळीत जेवढं घेते त्याच्या कितीतरी पट. त्यातून निवांत सीडी४ पेशी वेगळ्या काढायच्या, कमी कमी संख्येने प्रयोगशाळेच्या तबकडीतल्या छोट्या खाचांमध्ये वाटायच्या, रसायन देऊन जाग्या करायच्या, शेजारी निरोगी माणसाच्या पेशी सोडायच्या आणि दोन-तीन आठवडे वाट बघायची. काही खाचांमध्ये जिवंत, पसरू शकणारा विषाणू वाढला. प्रमाण सरासरी दहा लाख निवांत पेशींत एक.

दहा लाखांत एक म्हणजे किती, हे मी माझ्या नळीवर मोजून पाहते. एखाद्याचा सीडी४, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तातल्या या पेशींची संख्या, ७०० असेल तर पाच मिलिलिटर रक्तात अशा ३५ लाख पेशी होतात. म्हणजे कचऱ्यात गेलेल्या त्या एका पापुद्र्यात तीन-चार पेशी अशा असू शकतात, ज्यांच्यापासून सगळं पुन्हा सुरू होईल. आणि रक्तात असतात त्या शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के. बाकीच्या लसिका गाठींमध्ये, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात असतात, जिथे माझी सुई पोचत नाही.

पुढचा प्रश्न होता, हा साठा किती वेगाने घटतो. १९९९मध्ये सिलिसियानो यांच्या गटाने उत्तर दिलं: निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने. दहा लाख पेशी एकावर यायला वीस वेळा निम्म्या व्हाव्या लागतात. वीस गुणिले ४४, म्हणजे ८८० महिने, ७३ वर्षांहून थोडे जास्त. हा गुणाकार कुणीही करू शकतं, आणि ‘आयुष्यभर गोळ्या’ हे जे सांगितलं जातं त्यामागचं खरं कारण या एका ओळीत आहे. डॉक्टरांचा हट्ट नाही, औषध कंपन्यांची खेळी तर नाहीच. हा संशय मला बरेचदा ऐकायला मिळतो.

पुढे तो ७३चा आकडाही आशावादी ठरला. २०२३मध्ये त्याच प्रयोगशाळेतून वीसेक वर्षं उपचारांवर असलेल्या लोकांचं मोजमाप आलं. पहिली काही वर्षं साठा घटतो, मग घटणं थांबतं, उलट अगदी सावकाश वाढण्याकडे कल दिसतो. रोज गोळी घेऊनही.

असं कसं होईल? विषाणू चोरून पसरत असता तर त्याच्या जनुकांत बदल साचत गेले असते, कारण प्रती बनवताना तो फार चुका करतो. उपचारांवर असलेल्या बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं असे बदल साचलेले दिसत नाहीत. खुलासा २०१४च्या सुमारास मिळाला. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात नेमका कुठे बसला आहे ते शोधताना संशोधकांना एकाच माणसाच्या अनेक पेशींमध्ये तो अगदी त्याच जागी बसलेला सापडला. मानवी जनुकसंच एवढा अफाट आहे की वेगवेगळ्या लागणींमध्ये तंतोतंत तीच जागा मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणजे लागण एकदाच झाली, आणि मग पेशीच दुभंगत गेली. स्मृतिपेशीचं कामच ते. तिच्या ओळखीचा जंतू पुन्हा आला की ती स्वतःच्या प्रती काढते, आणि प्रत्येक प्रतीत विषाणूचा मजकूर आयता उतरतो. विषाणूला बोटही हलवावं लागत नाही. ज्या पायऱ्या अडवायला आपण गोळी घेतो त्यांतली एकही पायरी इथे येत नाही.

यातली दिलासा देणारी गोष्ट ही, की पेशींत सापडणारा विषाणूचा बहुतेक मजकूर मोडका असतो. मोठमोठे तुकडे गळालेले, चुकांनी निकामी झालेले, नव्वद टक्क्यांहून जास्त. त्यांच्यापासून पुन्हा आजार होत नाही. तापदायक गोष्ट ही, की धडधाकट मजकूर असलेली पेशी आणि मोडका मजकूर असलेली पेशी बाहेरून सारखीच दिसते. आणि धडधाकट असलेल्याही एकदम जाग्या होत नाहीत. एकदा रसायन देऊन न उठलेल्या पेशी त्याच रसायनाने दुसऱ्यांदा उठलेल्या आढळल्या आहेत.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका बाळाची गोष्ट इथे आठवते. २०१०मध्ये जन्म, आईला लागण असल्याचं बाळंतपणाच्या वेळी कळलं, म्हणून सुमारे तीस तासांचं असतानाच बाळाला पूर्ण उपचार सुरू केले. दीड वर्षाचं झाल्यावर औषधं थांबली, काही महिने कुटुंब दवाखान्यात आलंच नाही. आलं तेव्हा सगळ्यांना भीती होती, पण रक्तात काहीच सापडलं नाही. २०१३मध्ये ही बातमी जगभर गेली. औषधाविना २७ महिने ते मूल तसंच राहिलं. मग जुलै २०१४मध्ये नेहमीच्या तपासणीत आकडा आला, मिलिलिटरला १६,७५० प्रती. मी रोज आकडे पाहते, पण हा आकडा वाचताना त्या दिवशी यंत्रापाशी बसलेल्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. नमुना पुन्हा लावला असेल, नावं पुन्हा ताडून पाहिली असतील. जन्मानंतर तीस तासांत औषध मिळूनही एखादीच पेशी राहिली असावी, आणि ती दोन वर्षांहून जास्त काळ गप्प राहिली.

मोठ्या माणसांनी गोळी थांबवली तर एवढा अवधी मिळत नाही. बहुतेकांमध्ये दोन-तीन आठवड्यांत विषाणू परततो. गोळ्यांना अधूनमधून सुटी द्यायची कल्पनाही तपासून झाली आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ५,४७२ लोक होते. सीडी४ चांगला असेल तेव्हा औषध थांबवलेल्या गटात एड्सशी जोडलेले आजार किंवा मृत्यू दुपटीहून जास्त झाले, आणि हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे गंभीर आजारही वाढले. २००६मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. खिडकीवर मी एवढं तरी सांगतेच.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसले त्याकडे येते.

माझ्या ओळखीच्या एका बाई आहेत. अनेक वर्षं उपचारांवर, गोळीची वेळ घड्याळापेक्षा पक्की. त्यांचा व्हायरल लोड पन्नासच्या खाली जाऊन राहिला होता, मग हळूहळू सत्तर, नव्वद, एकशेवीस असा येऊ लागला. ज्या दवाखान्यात त्या जात तिथे त्यांना दर वेळी एकच प्रश्न: गोळ्या चुकवता का? रिकाम्या डब्या आणायला सांगितलं, उरलेल्या गोळ्या मोजल्या, समुपदेशनाला पुन्हा पुन्हा बसवलं. औषध बदललं, आकडा तसाच. मला त्या म्हणाल्या, “अहो, घरात कुणाला माहीत नाही म्हणून मी लपवून का होईना, पण रोज घेते. आता खोटारडीही ठरले.” चौकशी करणं दवाखान्याचं कामच आहे, गोळ्या चुकण्याची शक्यता खरोखर सर्वांत मोठी असते, आणि औषधाला विषाणू दाद देईनासा झाला का तेही बघायलाच हवं. पण एवढं झाल्यावर तरी तिसरी शक्यता बोलायला हवी होती. ती कुणी बोललं नाही.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी नेमक्या अशाच लोकांकडे लक्ष दिलं. औषधं नियमित, विषाणू औषधाला दाद देणारा, तरी आकडा पन्नासच्या वर. प्लाझ्मातल्या विषाणूची जनुकं वाचली तर ती एकसारखी, आणि त्यांचा उगम एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या मोठ्या समूहात सापडला. त्या समूहातल्या काही पेशी सतत थोडा थोडा विषाणू बाहेर टाकत होत्या. गोळी आपलं काम चोख करत होती, बाहेर आलेल्या विषाणूला नवी पेशी मिळू देत नव्हती. पण जुन्या पेशीतून तो बाहेर पडणं थांबवणं हे त्या गोळीचं कामच नव्हे. अशा माणसाने औषध कितीही वेळा बदललं तरी आकडा उतरत नाही.

त्या बाईंच्या बाबतीत हेच झालं होतं का, हे माझ्या यंत्रावर कळत नाही, त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या संशोधनाच्या प्रयोगशाळांमध्येच होतात. पण हे शक्य आहे, एवढं त्यांना कळणं फार महत्त्वाचं होतं. मी त्यांना बसवून सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “म्हणजे माझं काही चुकलं नाही?” आणि मग लगेच, “माझ्यामुळे कुणाला होईल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुदैवाने फार पक्कं आहे. ‘पार्टनर’ अभ्यासाच्या २०१९मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी ७८२ पुरुष जोडपी होती, व्हायरल लोड २००च्या खाली. कंडोमविना सुमारे ७६,००० संबंधांमध्ये जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. त्याआधीच्या टप्प्यात स्त्री-पुरुष जोडपीही होती, तिथेही शून्य. ज्या शरीरातून विषाणू कधीच पूर्ण जात नाही त्याच शरीरातून, गोळी चालू असेल तर, तो संबंधांतून दुसऱ्याकडे जात नाही. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या आहेत आणि दोन्ही एका दमात सांगायला हव्यात. फक्त पहिली सांगितली की माणूस स्वतःच्याच अंगाचा तिटकारा करू लागतो. फक्त दुसरी सांगितली की तो गोळी थांबवतो.

पूर्ण बरं झाल्याची उदाहरणं आहेत. बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग झाला, २००७मध्ये डॉ. गेरो ह्यूटर यांनी रक्ताच्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणासाठी असा दाता शोधला ज्याच्या पेशींवर सीसीआर५ हे विषाणूला शिरायला लागणारं प्रथिनच नव्हतं. त्यानंतर ब्राउन यांना एचआयव्हीच्या उपचारांची गरज पडली नाही. २०२०मध्ये ते गेले ते कर्करोग उलटून, एचआयव्हीने नव्हे. त्यांच्यानंतर लंडन, ड्युसेलडॉर्फ इथली आणि आणखी मोजकी नावं आली. पण असं प्रत्यारोपण स्वतःच जीवघेणं ठरू शकतं, ज्याला कर्करोग नाही त्याच्यावर ते करत नाहीत. आणि बॉस्टनमधल्या दोघांमध्ये साध्या दात्यांच्या पेशी दिल्यावर साठा दिसेनासा झाला होता, औषध थांबवल्यावर एकाला १२ आठवड्यांनी, दुसऱ्याला ३२ आठवड्यांनी विषाणू परतला. निवांत पेशींना औषधाने जागं करून मारायचा मार्गही दशकाहून जास्त काळ चाचपला जातो आहे. जागं करणं थोडंफार जमलं, साठा घटवणं जमलं नाही.

हे सगळं ज्ञान ज्यांच्या शरीरातून आलं त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या शाखेत ‘लास्ट गिफ्ट’ नावाचा अभ्यास चालतो. कर्करोगासारख्या दुसऱ्या असाध्य आजाराने शेवटाला आलेले, एचआयव्ही असलेले लोक त्यात स्वतःहून नाव नोंदवतात. जिवंतपणी रक्त देतात, मृत्यूनंतर काही तासांत त्यांच्या अवयवांचे नमुने घेऊ देतात. काहींनी तर शेवटच्या दिवसांत गोळ्या थांबवल्या, विषाणू कुठून कुठून उठतो ते कळावं म्हणून. त्यांच्यामुळे कळलं की साठा रक्तापुरता किंवा लसिका गाठींपुरता नाही, तो आतड्यापासून मेंदूपर्यंत पसरलेला आहे आणि औषध थांबलं की एकाच ठिकाणाहून नव्हे, अनेक ठिकाणांहून उठतो. म्हणजे पुढचं औषध मेंदूतही पोचणारं हवं. हे त्या माणसांनी स्वतःला काहीही मिळणार नसताना दाखवून दिलं.

दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आता आलं आहे. त्याने साठा घटत नाही, पण त्या बाईंसारख्या माणसांना घरात डबी लपवावी लागणार नाही, आणि ते मिळेल तिथे घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. खरा अडथळा तिथेच आहे जिथे तो १९९७मध्ये होता: धडधाकट विषाणू बाळगणारी ती दहा लाखांतली एक निवांत पेशी बाहेरून ओळखायची कशी. तिच्या आवरणावरची भरवशाची खूण अजून कुणाला सापडलेली नाही. सापडली तर नेमकं तिलाच मारणारं औषध बनवता येईल, आणि त्या पापुद्र्यावरची एखादी चाचणी माझ्यासारखीच्या टेबलावर येईल. तोवर खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला, रिपोर्ट कितीही चांगला असला तरी, मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या का ते विचारत राहणार आहे.